दमल्यावरचे फ्री थ्रो

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं पत्र आलं. गणित नक्की दिलं नाही, हे माझ्या वर्गातली कोणीही शपथेवर सांगेल. मला मिळालं ते बास्केटबॉलच्या कोर्टवर.

धुळ्यातल्या आपल्या शाळेचं कोर्ट तेव्हा सिमेंटचं होतं आणि रिंगला जाळी नव्हती. मुलींची टीम म्हणजे आम्ही सात-आठ जणी. निम्म्या जणी देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून सायकलवर यायच्या. मे महिन्याच्या शिबिरात सकाळी नऊलाच बुटाच्या तळातून चटका लागायचा. सर प्रॅक्टिसच्या शेवटी ‘लाइन’ लावायचे. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेवरून, पळत जाऊन जवळची फ्री थ्रो लाइन शिवायची आणि परत यायचं. (फ्री थ्रो म्हणजे समोरच्या टीमने फाउल केल्यावर, कोणी न अडवता रिंगवर मारायला मिळणारा शॉट; तो या लाइनमागून मारतात.) मग मध्यरेषा, मग पलीकडची फ्री थ्रो लाइन, शेवटी पलीकडची बेसलाइन. कोर्ट २८ मीटरचं, म्हणजे चारही फेऱ्या जाऊन-येऊन एका ‘लाइन’चे १४० मीटर. पळण्यापेक्षा जीव जातो तो दर वेळी थांबून वळण्यात. मांड्या भरून येतात. कोणी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली की सर अहिराणीवर यायचे, “काय व्हयनं वं माय?” आणि लगेच तिच्याच हातात बॉल. “मार दोन फ्री थ्रो.” दोन्ही पडले नाहीत तर सगळ्या टीमला पुन्हा लाइन.

तेव्हा आम्ही सरांना मनातल्या मनात काय काय म्हणायचो ते स्मरणिकेत छापता येणार नाही. पण दमलेलीचा शॉट डावी-उजवीकडे फारसा जात नाही, आखूड पडतो, हे त्यातूनच कळलं. ३.०५ मीटर उंचीवरच्या रिंगपर्यंत बॉल पोचवायचा जोर गुडघ्यांतून येतो, आणि आधी थकतात ते पायच. फाउलचंही तसंच. शिट्टी हातासाठी वाजते, पण पाय वेळेवर सरकले नाहीत म्हणून हात पुढे गेलेला असतो.

विभागीय स्पर्धेची सेमीफायनल नाशिकला होती. मॅच वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफची. दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंदांत शॉट हे आंतरराष्ट्रीय नियम २००० साली आले. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या दोघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेल्या. बेंचवर बदली म्हणून जेमतेम एक मुलगी. एका टप्प्यानंतर मला सरांचा आवाज ऐकूच येईना. मग आमच्या कॅप्टनने एक केलं. समोरची मुलगी फ्री थ्रोला उभी राहिली की ती आम्हा प्रत्येकीला मोठ्याने विचारायची, “तुझी कोण?” आपण जिला गार्ड करतोय तिचा नंबर सांगायचा, बस. स्कोअर नाही, उरलेली मिनिटं नाही. नंबर सांगताना श्वास आपोआप खाली बसायचा. मॅच जिंकलो. शेवटचे दोन फ्री थ्रो माझ्याकडे आले तेव्हा कसलीही वीरश्री वाटली नाही, नेहमीची ‘लाइन’ नंतरची वेळ वाटली.

दुसऱ्या दिवशी फायनल सपाटून हरलो. पोरी त्याच, जिद्द तीच, पण पाय उचलत नव्हते. आदल्या रात्री वडापाव खाऊन, धर्मशाळेच्या हॉलमध्ये गप्पा मारत जागलो होतो. आज मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे कारण सांगू शकते. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे पळायला लागणाऱ्या साखरेचा, साठा एवढ्या खेळात बराच उतरतो, आणि तो पुरता भरायला नीट जेवण, झोप आणि साधारण एक अख्खा दिवस लागतो. ‘मन घट्ट हवं’ असं भाषणांत ऐकलं की मला ती फायनल आठवते. मन घट्टच होतं.

सरांनी आम्हाला खूप दिलं, पण एका बाबतीत त्या काळातल्या बहुतेकांसारखेच ते चुकत होते: प्रॅक्टिसमध्ये पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं. खान्देशातल्या मे महिन्यात! आम्ही चूळ भरायच्या निमित्ताने दोन घोट चोरून प्यायचो. घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं, तेवढ्याच पळण्याला हृदयाचे ठोके जास्त पडतात आणि डोकंही मंदावतं. म्हणजे जी वेळ आम्ही निर्धाराने काढत होतो, तिच्यातली निम्मी नुसत्या माठाने निभावली असती.

सुवर्णमहोत्सवात नवं कोर्ट होतंय असं कळलं. देणगी पाठवली आहे. समितीला विनंती एवढीच की फ्लडलाइट पुढच्या वर्षी केले तरी चालतील. आधी कोर्टाच्या कडेला पत्र्याची सावली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ करा. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी मुलींना तिकडे पाठवा, मागितलं नाही तरी.

— माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६