नोटीस कोणाला द्यायची?

दिवाळी आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या सुमारास, बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मी केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, म्हणून उपस्थित होतो. सहावीतील एक मुलगी आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणार असल्याचे कळताच एका सदस्याने मागणी केली, की अशा पालकांना नोटीस देऊन गुन्हाच दाखल करावा. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता, हेही त्यांनी सांगितले. ते खरेच आहे. मात्र महाराजांनी दंडाबरोबर शिक्षण मोफत केले आणि गावोगावी शाळाही काढल्या.

मुलीचे वडील समोरच बसलेले होते. ते म्हणाले, "सर, दंड भरतो मी. पण उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेत, आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीनंच चालतो. आम्ही दोघं पहाटे फडात गेल्यावर कोपीत, झोपडीत, दीड वर्षाच्या पोराकडं कोण बघणार, तेवढं लिहून द्या."

मी कायदा वाचून दाखवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही. उलट मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, या तिन्हींची जबाबदारी कलम ८ शासनावर टाकते, आणि ही क्रमवारी मला अत्यंत न्याय्य वाटते. पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच राहून शिकता यावे, यासाठीच्या आमच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव अद्याप मंजुरीच्या प्रतीक्षेत होता आणि टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मग कर्तव्यात कसूर कोणाची, हा प्रश्न मी समितीपुढे ठेवला. बराच वाद झाला. अखेर नोटिशीचा विषय मागे पडला.

मुलगी गेलीच. जाताना मुख्याध्यापकांनी तिला, स्थलांतराच्या ठिकाणी शिक्षण सुरू राहावे म्हणून दिले जाणारे, शिक्षण हमी कार्ड दिले, आणि मी कारखान्याजवळच्या शाळेशी फोनवर बोलून, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, हे स्पष्ट केले. तिथे तिचे नाव हजेरीपटावर आले. मात्र धाकट्या भावामुळे ती रोज जाऊ शकत नाही. पुढील हंगामाच्या वसतिगृहाचा ठराव समिती आता जूनमध्येच पाठवणार असून, फडावरील लहानग्यांसाठी पाळणाघर असावे, ही मागणी मी त्यात आग्रहाने घालून घेतली आहे.