काय झालं हसायला?

रविवार. रात्रीचे पावणेदोन.

झोप येत नाही. ह्यांना उठवून कारण सांगितलं तर "एवढंच?" म्हणून कूस बदलतील, आणि खरंच एवढंच आहे. म्हणून लिहून काढते.

काल ओवीबरोबर पुण्याची ती सगळी गँग आली होती. दिवसभर हरिपूरला संगमावर भटकून आली, चार पाकिटं भडंग संपवलं, जेवणावर आडवा हात मारला, आणि मग ओवीनं जाहीर केलं, "माझ्या आईला रामसे भावांचे भुताचे सगळे पिक्चर पाठ आहेत." मी आधी लाजले. मग, खोटं कशाला बोलू, फुलले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला तिचा नाद काय आहे हे कोण विचारतं? भिशीत मी कधी बोलले नाही. शाळेत तर नाहीच. तिथं माझी आवड म्हणजे वाचन आणि बागकाम.

लावला 'पुराना मंदिर'. आक्का पलंगाच्या कडेला, नेहमीसारखी, गुडघ्यावर शाल घेऊन. सुरुवातीलाच सामरी, त्यातला राक्षस, येतो. आला, आणि पोरं खिदळायला लागली. मेकअप वितळला वाटतं, हा काकूंच्या सोसायटीचा चेअरमन आहे का, वगैरे. आणि मी म्हणाले, "केस बघा की त्याचे, शिकेकाई संपलेली दिसते." सगळी गडाबडा लोळली. मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेव्हा आक्का म्हणाली, "काय झालं गं हसायला?"

रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी आत्ता झोपलेली असते. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. पोरांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "काही नाही आक्का, असंच." तिनं मान हलवली आणि परत टीव्हीकडे बघायला लागली.

एवढंच.

तर, काय झालं हसायला?

पहिलं उत्तर सोपं आहे. 1984 चा पिक्चर, पैसा नाही, मुखवट्याची कड दिसते, धूर कुठून सोडलाय ते कळतं, ढग गडगडतात आणि खिडकीबाहेर कोरडं ठाक. हसू येणारच. पण हे सगळं मला चाळीस वर्षं दिसतंय आणि एकटीनं बघताना मी कधी हसलेली नाही. एकटीनं बघताना उलट ती कड दिसली की मला बरं वाटतं. कुणीतरी रात्रभर बसून ते चिकटवलंय असं वाटतं. मग काल काय झालं?

खरं म्हणजे मला त्या पोरांना वेगळंच सांगायचं होतं. की बाबांनो, या लोकांचं सुरुवातीचं सगळं आपल्या शेजारी घडलंय. आधी 1970 मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' आला आणि पडला. पण भावांनी थेटरात बसून बघितलं की पृथ्वीराज कपूर भुताचा मुखवटा घालून चोरी करतो तेवढ्या प्रसंगाला लोक जागे होतात, त्याच्यासाठी परत येतात. म्हटले, मग तेवढंच करू या की! आणि 1972 च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी सगळं खटलं बसमध्ये घालून महाबळेश्वरला आले. सरकारी गेस्ट हाऊस, चाळीस दिवस, साडेतीन लाख रुपये. सात भाऊ. एक लिहितो, एक कॅमेरा धरतो, एक आवाजाचं बघतो, एक कापतो आणि जोडतो, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करतात. घरच्या बायका युनिटच्या जेवणाचं बघतात. (सात भावांची नावं मी घडाघडा सांगते. त्या बायकांपैकी एकीचं सांगता येत नाही. असो.) आमच्याकडे लग्नकार्य निघालं की जे असतं तेच हे. फक्त यांच्या कार्यात शेवटी प्रेत उठतं.

आणि सामरी झालेला तो अजय अग्रवाल, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुरकीला शिकलेला इंजिनिअर होता. आणि 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी होऊन सगळ्यांची झोप उडवल्यावर दुसऱ्याच वर्षी आपले अमरापूरकर याच पिक्चरमध्ये होते, त्यांना कुणी विचारलं नाही काय झालं हसायला.

यातलं एक अक्षर बोलले नाही. शिकेकाई म्हणाले.

म्हणजे दुसरं उत्तर: मी घाबरले. सामरीला नाही, वीस-बावीस वर्षांच्या पाच पोरांना. त्यांनी माझ्याकडे "काकू हे सीरियसली बघतात?" असं बघायच्या आत मी स्वतःच हसून मोकळी झाले. हे लिहिताना कानशिलं तापली.

त्यांचा एक शब्द आहे, ओवी पण वापरते: भंगार म्हणून भारी. म्हणजे इतका वाईट की मजा येते. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे काल कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं असतं. माझ्या हिशोबात कमी पैशाचा पिक्चर दोन तऱ्हेचा. एक, ज्यात पैसा नाही म्हणून डोकं चालवलंय. दुसरा, ज्यात पैसा नाही हे निमित्त सांगून डोकं बंद ठेवलंय. पहिल्याला मी कधी भंगार म्हणणार नाही. रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) काळापांढरा आहे म्हणून त्यात रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चाललं, आणि अजून अंगावर येतो. वर नाव बदलताना कॉपीराइटची ओळच गाळली गेली, त्यामुळे पिक्चर कुणीही दाखवावा असा झाला, आणि म्हणूनच तो माझ्यासारखीपर्यंत पोचला. महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त (1993) बाहुलीत जीव जायची कल्पना 'चाइल्ड्स प्ले'ची असेल, पण तात्या विंचूची ती बाहुली रामदास पाध्यांची आहे आणि माझ्या वर्गातली पोरं आजसुद्धा 'ओम फट् स्वाहा' म्हणून एकमेकांची पेन्सिल पळवतात. त्याआधीच्या 'धडाकेबाज' मधला कवट्या महाकाळ तर आम्हाला जिल्ह्यातलाच वाटायचा. कवठे महांकाळच्या एसटीत बसलं की कुणीतरी हमखास त्याचं नाव घेऊन किंचाळणार.

एड वूड या अमेरिकन दिग्दर्शकाचं मात्र मला कधी ठरवता आलं नाही. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. त्यातला नट बेला लुगोसी 1956 मध्ये गेला, हातात त्याची काही मिनिटांची फिल्म, मग उरलेल्या पिक्चरभर वूडनं आपल्या बायकोच्या हाडवैद्याला उभा केला, तोंडावर झगा धरून. उंची जुळत नाही, काही जुळत नाही. जग हसतं. मला पहिल्यांदा बघताना पोटात कसंतरी झालं. गेलेल्या माणसाला आणखी थोडा वेळ पडद्यावर ठेवायचं म्हणून कुणीतरी झगा धरून उभं राहिलंय. यात हसायला काय झालं?

हां. आता आक्काचा प्रश्न माझ्या तोंडात यायला लागला.

अडीच वाजले. उठून पाणी प्याले. आक्का घोरतेय.

मला पहिल्यांदा सामरी दाखवला तिनंच. खरसुंडीच्या यात्रेत, पौषातल्या. अण्णांनी तिला परत आणलं त्याच वर्षी. खिलार बैलांचा बाजार एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला टुरिंग टॉकीजचा तंबू. खाली ताडपत्री, त्याच्या खालून थंडी वर येणारी. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, मधे दोरी. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार आणि बाहेरून जनरेटरची घरघर आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज. त्या अंधारात कुणी हसत नव्हतं. सामरी आला आणि बायकांच्या बाजूनं जी किंकाळी उठली तिच्यात सगळ्यात वरचा आवाज आक्काचा होता. मी पिक्चर सोडून तिच्याकडे बघत राहिले. घरी तर तिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर यायचा नाही.

बाहेर आल्यावर तिनं मला गोडीशेव घेऊन दिली आणि म्हणाली, "उद्या परत यायचं का?"

गेलो आम्ही. तिसऱ्या दिवशी पण.

त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

नंतर जमवलेल्या माझ्या सीड्या तर पुरात गेल्या. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45, आणि आमच्या गावभागात खालच्या मजल्यावर ते कपाट. लोकांचे संसार गेले, त्यामुळे तेव्हा बोलायची सोय नव्हती. पण चिखलातून 'वीराना', 'तहखाना', 'बंद दरवाज़ा' एकेक काढताना हे म्हणाले होते, "बरं झालं, कचरा गेला." चांगल्या मनानं म्हणाले. ओझं कमी झालं या अर्थानं. मी पण "हो ना" म्हणून हसले होते.

म्हणजे काल पहिल्यांदा हसले असं नाही तर.

बघा, रात्री अडीचला लिहायला बसलं की माणूस स्वतःची कशी कीव करून घेतो. 'माझ्या नादाला घरात कुणी विचारत नाही' हे वाक्य मी आत्ता खोडलं. विचारलं होतं की काल! पाच जण मांडी घालून बसले होते. मीच शिकेकाईवर गेले.

आणि एक गोष्ट सुचली, ती मात्र मी पोरांना ऐकवणार आहे. आपण सांगलीकर छाती फुगवून सांगतो की विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं 'सीता स्वयंवर' केलं, मराठी रंगभूमीची सुरुवात केली, म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पण त्या नाटकांत लोकांना काय आवडायचं? राक्षस. 'अलल्ल डुर्रर' अशी आरोळी ठोकत, तोंड रंगवून, राळेचा भपका उडवत राक्षस यायचा आणि पोरं आयांच्या पदरात शिरायची. जुन्या नाटकांना पुढच्या लोकांनी हसून नावच ते पाडलं, अललडुर्र. सामरी म्हणजे आमचा अललडुर्रच, राळेऐवजी धुराचं मशीन. ज्या गावानं राक्षसाची एन्ट्री बसवली त्या गावात राहून मी त्याच्या केसांना नावं ठेवली.

छान वाटलं हे लिहून. जरा भाषणासारखं झालंय, पण रात्र आहे.

पिक्चर काल अर्धाच राहिला. पोरांना आइस्क्रीम आठवलं आणि उठली. सामरीचं मुंडकं पेटीतच राहिलं.

सोमवार. संध्याकाळ.

शाळेतून आल्यावर चहा देताना आक्काला विचारलं, "परवा तू मला विचारलंस ना, काय झालं हसायला म्हणून?" तिच्या काही लक्षात नाही. कोण हसलं? कधी? मी इतकी पानं भरली आणि बाईसाहेब विसरून पण गेल्या.

पण पिक्चर लक्षात होता. "ते देवळाचं पुरं झालं का गं? त्या लंबूचं पुढं काय केलं?"

म्हटलं, चल बघू. ती पलंगावर, मी खाली टेकून, कुकर लावून ठेवलेला. आणि आला नेमका जगदीपचा मच्छरसिंग. 'शोले'ची नक्कल. मला रामसेंचं सगळं चालतं, हे एक चालत नाही. भुताच्या पिक्चरमध्ये मधेच हे कशाला? डोकं बंद ठेवलंय म्हणाले ना मी, ते हेच. सीडीवर मी कायम पुढं ढकलायची. रिमोट उचलला.

तेवढ्यात आक्का हसली. आधी नाकातून. मग शाल तोंडाला लावून, मग शाल बाजूला टाकून, पलंग हलेपर्यंत. दात काढून ठेवलेले, त्यामुळे आवाज फक्त हवेचा. "बघ की गं, बघ की त्याचं तोंड," आणि परत.

मला यात कधीही हसू आलेलं नाही. आजही आलं नाही. प्रश्न अगदी ओठांवर आला होता.

रिमोट पदरात ठेवला. कुकरच्या तीन झाल्या, चार झाल्या, पाचवीला उठले. डाळीचा पार लगदा झाला.