दाखवण्याचा कार्यक्रम

वेरूळच्या तिकीटखिडकीवर भर दुपारी मला प्रथमच कळले की, आम्हा नवरा-बायकोची सरकारदरबारी किंमत ६४० रुपये आहे आणि तिच्यात माझा वाटा अवघा ४० रुपयांचा आहे. "मॅडम, तुमचे ४०, साहेबांचे ६००," असे खिडकीमागचा माणूस म्हणाला आणि त्याच्या स्वरात साहेबांविषयी थोडी सहानुभूतीही होती. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळू शकते आणि ते हाती आले की तिकीटही आपल्याच दराने मिळते, हे मला ठाऊक होते. परंतु त्यासाठी लग्नाला दोन वर्षे उलटावी लागतात आणि आमचे लग्न तेवढे मुरलेले नव्हते. माझा नवरा डच आहे. पैशाला जपणे हा त्या लोकांचा राष्ट्रीय गुण मानला जातो, म्हणून मी धास्तावून त्याच्याकडे पाहिले. त्याने मुकाट्याने पैसे मोजले. मात्र आत गेल्यावर तो एकेका खांबापाशी इतका वेळ थांबू लागला की, दिलेल्या पैशाची पै न् पै तो वसूल करत असावा, अशी शंका मला आली.

माझे लक्ष खांबांकडे नव्हतेच. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कैलास लेण्याच्या अंगणात उभे राहून मी त्याला सांगितले की, हे मंदिर बांधलेले नाही, अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले आहे, म्हणजे येथे आधी शिखर झाले आणि जोते सर्वांत शेवटी; आठव्या शतकातल्या पहिल्या कृष्ण या राष्ट्रकूट राजाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. हे सारे मी शाळेच्या सहलीत बाईंकडून ऐकलेले, पण सांगताना माझ्या आवाजात अशी काही ऐट आली होती की, त्या कामाचे कंत्राट आमच्याच घराण्याकडे होते असे कोणालाही वाटले असते. नवऱ्याने मान वर करून शिखर पाहिले, मान खाली घालून जोते पाहिले आणि विचारले की, मधला दगड कुठे गेला? मी अवाक् झाले. परक्या माणसाची नजर कशी ताजी असते, अशा अर्थाचे काही कौतुकाचे वाक्य मी मनात जुळवत होते, तेवढ्यात पलीकडे सावलीत बसलेला पहारेकरी म्हणाला, "सगळे हेच विचारतात, मॅडम," आणि त्याने पुन्हा डोळे मिटले.

त्या दुपारी माझ्या ध्यानात आले की, विमानतळावर उतरल्यापासून मी सुट्टी घालवत नव्हते, मी दाखवण्याचा कार्यक्रम करत होते. देश ही उपवर मुलगी, नवरा हा पाहायला आलेला, आणि पदर सावरत, दाराआडून कानोसा घेत उभी असलेली मुलीची आई म्हणजे मी.

असा एक कार्यक्रम मी लहानपणी जवळून पाहिला आहे. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात धाकट्या आत्याला पाहायला पुण्याहून मंडळी यायची होती आणि आजीने आदल्या दिवसापासून घर ताब्यात घेतले होते. वेताच्या खुर्चीला बुडाशी भगदाड पडले होते. तिच्यावर भरतकामाची उशी ठेवून, तिच्यावर कोणी बसायचे नाही, अशी ताकीद आम्हा मुलांना देण्यात आली. सतरंजीची फाटकी बाजू आत दुमडून भिंतीकडे केली होती. कपबशा शेजारच्या वहिनींकडून आणल्या होत्या आणि त्यांतल्या एका बशीला टवका गेलेला असल्याने ती वडिलांच्या हातात द्यायची, हेही आधीच ठरले होते. बाहेरच्या खोलीत जे जे शोभण्यासारखे नव्हते, ते सगळे मागच्या पडवीत गेले: कोळशाचे पोते, बिनकडीची ट्रंक, तीन पायांवर उभे असलेले स्टूल आणि चुलत आजोबा. आजोबांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे ते सगळ्या जगाशी ओरडून बोलत, आणि आजीच्या मते तो आवाज पहिल्याच भेटीत पाहुण्यांच्या कानी पडणे बरे नव्हते. त्यांच्यापुढे अडकित्ता आणि सुपारीचे तबक ठेवून दार लोटून घेतले होते.

पोहे झाले, चहा झाला, आत्याला स्वयंपाकाविषयीचे ठरावीक प्रश्न विचारून झाले. एवढ्यात मुलाचे मामा हात धुवायला म्हणून उठले आणि कोणी वाट दाखवण्याआधीच मागच्या दाराने पडवीत गेले. ते परत आलेच नाहीत. बाहेर नवरा मुलगा आणि वडील हवापाण्यावर बोलत राहिले आणि आतून ऊस, पाटाचे पाणी आणि गुळाचा भाव यांवरचा संवाद दोन खणखणीत आवाजांत साऱ्या वाड्याला ऐकू येऊ लागला, कारण मामांनाही ऐकू कमीच येत होते. आजीचा चेहरा मला अजून दिसतो. मामा बाहेर आले ते कपड्यांना कोळशाची पूड लावून, आणि आत्याचे लग्न त्या घरी ठरले.

एवढे पाहूनही मी काही शिकले नाही, कारण हा स्वभाव रक्तातून येत असावा. मुंबईला रात्रीच पोहोचावे म्हणून मी विमानाचे तिकीट मुद्दाम तसे काढले होते. रात्री दिवे दिसतात आणि बाकीचे बरेच दिसत नाही. पुण्याला येताना कचऱ्याचा ढीग डाव्या हाताला लागतो हे ठाऊक असल्याने नवऱ्याला मी उजव्या खिडकीशी बसवले, आणि त्याने मान डावीकडे वळवताच उजवीकडच्या एका अगदी सामान्य टेकडीचा इतिहास सांगायला घेतला. हॉटेलात शिरले की माझी नजर आधी हात धुण्याच्या जागेकडे जाते. हॉर्न वाजला की मी दचकते, जणू तो मीच वाजवला आहे. हीच मी हॉलंडमधल्या आमच्या उट्रेख्तला असते तेव्हा भारतातल्या रहदारीचे किस्से रंगवून सांगते आणि लोकांना हसवते, हे वेगळे. तिथे ते सांगणारी मी असते, येथे पाहणारा दुसरा असतो.

दौलताबादला मात्र कार्यक्रम माझ्या हातून पार निसटला. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी या देवगिरीवर आणली आणि पुढे परत नेली, ही कथा मी अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी नेमकी रंगात आणली होती, तोच नगरकडच्या एका कुटुंबाने माझ्या नवऱ्याला घेरले. त्यांना त्याच्यासोबत फोटो हवा होता. आजोबा, दोन सुना, टोपडे घातलेले बाळ असे सगळे त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि "ताई, जरा काढता का?" असे म्हणून मोबाइल माझ्या हाती देण्यात आला. बाळ त्याच्याकडे सोपवले गेले. मी त्याची बायको असेन, असे कोणाच्याही मनात आले नाही; मला त्यांनी गाइड समजून तिकिटाच्या वेळाही विचारल्या. नंतर पायथ्याशी त्याच लोकांनी त्याला सीताफळ खायला शिकवले. बिया कुठे टाकायच्या, असे त्याने विचारल्यावर आजोबांनी हाताने सबंध देवगिरी परिसर दाखवला. मी पिशवी पुढे केली. दोघांनीही माझ्याकडे रसभंग करणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

पुण्यात आत्याकडे गेलो, तेव्हा मी त्याला तेथून लगेच शनिवारवाडा दाखवायला नेण्याच्या घाईत होते. आत्या आता थकली आहे, पण बोलण्यात तीच आहे. "अगं, किती फिरवशील त्याला? बसू दे की जरा," असे ती म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे शेंगांची परडी ठेवली. पुढचा तासभर दोघे समोरासमोर बसून शेंगा फोडत होते. त्याला मराठी येत नाही आणि तिला डच, शनिवारवाडा राहिला.

शेवटी कोल्हापूरमार्गे आंबोली घाट उतरून आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. हॉलंडच्या युरोपातल्या भूमीवरचे सर्वांत उंच ठिकाण ३२२ मीटरचे आहे, तेव्हा घाटात तो गप्प बसणार हे मला अपेक्षित होते. वेंगुर्ला मी योजून शेवटी ठेवले होते, कारण तेथे डच वखार आहे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीला गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला हे बंदर सोयीचे वाटले आणि तिने येथे तळ दिला. जांभ्या दगडाच्या त्या पडक्या भिंती, त्यांच्यात शिरलेली झाडांची मुळे, आत माजलेले गवत हे सारे पाहून तो भारावेल, अशी माझी अटकळ होती.

तो भारावला नाही, अवघडला. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग तो आपण होऊन सांगू लागला की, याच कंपनीने १६२१ मध्ये जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली, हाकलली किंवा गुलाम करून नेली. शाळेत असताना त्याला गलबतांची चित्रे दाखवली होती, नकाशे दाखवले होते, मसाल्यांच्या पेट्या दाखवल्या होत्या, बांदा बेटे मात्र मागच्या पडवीत होती आणि ती त्याला बरीच उशिरा सापडली. हे सांगताना त्याने माझ्या चेहऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी चांगली ओळखते. मला काय बोलावे ते सुचले नाही. कसे वाटले, हा प्रश्न आता माझ्याकडून अपेक्षित नव्हता, मला विचारला जात होता.

पलीकडच्या अंगणात एक आजी सुपात काहीतरी निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ आम्हाला न्याहाळले आणि जावई कुठला, असे मला विचारले. हॉलंडचा, म्हणजे डच, असे मी सांगितले. त्यांनी एकदा वखारीकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

"म्हणजे ही वखार ह्येंचीच? मग साफ करूक सांग गो."

त्या काय म्हणाल्या, ते त्याने विचारले आणि मी त्याला सांगितले. तो हसेल असे मला वाटले होते. पण तो गंभीरपणे गवताकडे, मग मुळांकडे पाहू लागला आणि साफसफाईच्या परवानगीचा अर्ज कोणत्या कार्यालयात करावा लागतो, असे त्याने विचारले. दीड वाजून गेला होता. मी म्हटले, अर्जाचे नंतर पाहू, आधी जेवायला चल. खाणावळीतला बांगडा एकदा संपला की संपला.