खिळ्यांचा नकाशा

देवगड तालुक्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले रुग्ण दरवर्षी येतात. गेल्या मे महिन्यात आलेल्या साठीच्या एका काकांचा कमरेचा पहिला मणका दबला होता. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, पण छातीपासून कमरेपर्यंत टेलर ब्रेस, म्हणजे कणा ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार, बांधलेला होता, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून ते भर उकाड्यात वरून सैल शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून येत असत. वेदना शून्य ते दहापैकी किती, हा आमचा ठरलेला प्रश्न मी त्यांना तीन आठवडे विचारला आणि तिन्ही आठवडे मला "आसा थोडा" एवढेच उत्तर मिळाले.

त्या दिवशी वीज गेल्यामुळे मी त्यांना आतल्या खोलीत खिडकीजवळ बसवले. तिथे फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीच्या 'भंगलेला स्तंभ' या १९४४ सालच्या चित्राची प्रत आहे. पूर्वी ती बाहेर होती, पण रुग्ण बिचकू लागले, तेव्हा आत हलवली. चित्रात फ्रिडा स्वतः उघड्या, भेगाळलेल्या माळावर उभी आहे. धड उभे चिरलेले, कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब, अंगाभोवती पांढरे पट्टे आणि चेहऱ्यापासून खालपर्यंत ठोकलेले लहानमोठे खिळे. १९२५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तिच्या बसवर ट्राम आदळून तिचा कणा आणि कंबर मोडली होती, आणि हे चित्र काढले त्या वर्षी ती कण्याला आधार देणारे पोलादी कॉर्सेट वापरत होती. मी आजवर या चित्राकडे एक मूक किंकाळी म्हणूनच पाहत आले होते.

काकांनी मात्र आधी पट्टे पाहिले. "खांब खंय धरता? पट्टे धरतत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "रडता हा, पण तोंड वाकडा करूक नाय." मी पुन्हा चित्राकडे पाहिले. डोळ्यांतून पाणी वाहते आहे, तरी नजर सरळ समोर आहे. आणि खांब इतका तडकलेला आहे की त्याच्यावर भार पडूच शकत नाही, तो सगळा पट्ट्यांनी पेललेला आहे. रोज ब्रेस बांधणाऱ्या माझ्यासारखीला हे आधी दिसायला हवे होते. हे दुखण्याचे चित्र आहे तितकेच उभे राहण्याच्या व्यवस्थेचेही आहे.

एवढ्यात त्यांनी कमरेखालच्या पांढऱ्या कापडावर बोट ठेवले. खिळे तिथेही, एका पायावरून खाली उतरत गेले आहेत. "ह्या पायाक काय झालेला?" सहाव्या वर्षी पोलिओ होऊन तिचा उजवा पाय बारीक राहिला होता, असे मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "माकाय हयसर टोचता."

मी शरीराची बाह्याकृती छापलेला तपासणीचा कागद पुढे केला आणि तुमचे खिळे काढा म्हटले. त्यांनी कमरेत दोन मोठे काढले, डाव्या मांडीच्या बाहेरून बारीक बारीक काढत पोटरीपर्यंत आले आणि शेवटचा थेट पायाच्या अंगठ्यावर काढला. मी अंगठा वर उचलायला सांगितला; उजवा उचलला गेला, डावा माझ्या बोटाच्या जेमतेम दाबानेही खाली गेला. पहिल्या भेटीत दोन्ही सारखे होते. लघवीचा काही त्रास नाही ना, हे विचारून घेतले आणि त्याच दुपारी, खिळ्यांचा तो कागद जोडून, त्यांना एमआरआयसाठी सर्जनकडे परत पाठवले. नस दबली होती. आता शस्त्रक्रिया करावीच लागली.

इतके दिवस का बोलला नाहीत, असे मी नंतर जरा रागावूनच विचारले. "पायाचा सांगलंय असता तर झिल (मुलगा) माका परत कलमार चडाक देवचो नाय," ते म्हणाले, आणि ब्रेसचा खालचा पट्टा स्वतःच ओढून घट्ट केला.