ताकदीची गोळी मागण्याआधी

परळमधील आमच्या औषधांच्या दुकानात ज्या गोळीची मागणी सर्वांत जास्त होते, तिला कंपनीचे नाव नसते. “दादा, ताकदीची गोळी द्या, काही करावंसंच वाटत नाही,” एवढेच गिऱ्हाईक सांगते, आणि मागच्या फळीवरील बी-कॉम्प्लेक्सच्या स्ट्रिपकडे किंवा मल्टिव्हिटॅमिनच्या डबीकडे बोट दाखवते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला काय झाले आहे हे ठरवणे माझ्या अखत्यारीत येत नाही. परंतु कोणते जीवनसत्त्व शरीरात काय काम करते आणि कोणते उगाच पैसे घालवते, याबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या घटकाची शरीरात कमतरता आहे, तो भरून काढला की थकवा खरोखर उतरतो आणि माणूस पुन्हा उमेदीने कामाला लागतो; ज्याची कमतरताच नाही, तो वरून कितीही घातला तरी उत्साह वाढत नाही. म्हणून पहिला प्रश्न “कोणती गोळी?” हा नसून “कमी काय आहे?” हा असायला हवा.

सर्वांत आधी लोहाकडे पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हिमोग्लोबिन घसरण्याच्या बऱ्याच आधी शरीरातील लोहाचा साठा आटू लागतो आणि थकवा त्या टप्प्यावरही जाणवू शकतो, हे फारसे कोणी सांगत नाही. हा साठा फेरिटिन नावाच्या तपासणीतून कळतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही खालची मर्यादा मानते, तर रुग्णाला लक्षणे असतील तर अनेक डॉक्टर ३० च्या खालच्या आकड्याकडेही गांभीर्याने पाहतात. ताप किंवा शरीरात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, त्यामुळे तो आकडा एकट्याने वाचायचा नसतो. लोहाचा संबंध केवळ रक्ताशी नाही, हेही येथे नमूद करायला हवे. मेंदूमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोहाची गरज असते आणि एखादे काम हाती घ्यावेसे वाटणे, ते तडीस नेण्याची ओढ वाटणे, यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. घरातल्या बाईला “हल्ली तू आळशी झालीस” असे ऐकवण्यापूर्वी तिचा रक्ताचा रिपोर्ट पाहिलेला बरा.

लोहाची गोळी घेण्याची रीतही गोळीइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या दुकानात एका काकूंनी स्ट्रिप घेतल्या घेतल्या एक गोळी काउंटरवरच फोडली आणि शेजारच्या टपरीवरून मागवलेल्या कटिंगबरोबर गिळली. “काकू, चहाबरोबर नको,” असे मी म्हणेपर्यंत ग्लास रिकामा झाला होता. “अहो, नुसत्या पाण्यानं मळमळतं मला,” हे त्यांचे उत्तर. तक्रार खरी होती, पण चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि ते आतड्यातून रक्तात नीट जाऊ देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. उलट क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते, म्हणून लिंबाच्या सरबताबरोबर गोळी घेणे चांगले, आणि मळमळ होत असेल तर थोडे खाऊन घेतली तरी चालते. रोज गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते पुढच्या मात्रेचे शोषण रोखते, असे दिसून आल्यामुळे काही डॉक्टर आता एक दिवसाआड गोळी देतात. ते आपल्यासाठी योग्य आहे का, हे त्यांनाच विचारावे. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. मात्र हिमोग्लोबिन सुधारले म्हणून गोळी लगेच बंदही करू नये, कारण साठा भरायला त्यानंतरही सुमारे तीन महिने लागतात.

आहाराच्या बाबतीत बिटाची कीर्ती मला नेहमीच अनाकलनीय वाटत आली आहे. ते लाल आहे एवढ्यावरून ते रक्त वाढवते असे आपण धरून चाललो आहोत, प्रत्यक्षात त्यात लोह अगदी थोडे असते. नाचणी हाडांसाठी उत्तम, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, पण लोहासाठी बाजरी तिच्यापेक्षा सरस आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वर पिळलेले लिंबू हा आपल्या घरांत चालत आलेला मेळ शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे, कारण मोड आल्याने लोहाला अडवणारे फायटेट कमी होते. मासे खाणाऱ्यांनी तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, विसरू नयेत. लोह आणि बी-१२ ही दोन्ही त्यांत विपुल असतात.

आणखी एक गोष्ट केवळ परळकर म्हणून सांगाविशी वाटते. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि त्यांच्या संशोधनाचा तळ आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावरील हाफकिन संस्थेत होता. गिरणगावातल्या गरीब, गरोदर स्त्रियांना होणारा तीव्र रक्तक्षय कशाने होतो, याचा त्या शोध घेत होत्या. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अॅसिड, हे पुढे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. आज गरोदर बाईच्या हाती पडणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक अॅसिडही असते, त्याची एक मुळी अशी या गिरण्यांच्या वस्तीत आहे.

बी-१२ ची कथा शाकाहारी घरांसाठी अधिक महत्त्वाची आहे. हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मासे, अंडी, मांस आणि दूध-दह्यातून मिळते. भाजीपाल्यात ते नसते. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते, पण तेवढेही वर्षानुवर्षे न मिळाल्यास थकव्याबरोबर हातापायांना मुंग्या येणे, विसराळूपणा आणि मनाची मरगळ ही लक्षणे दिसू लागतात. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकते. पित्ताची गोळी सकाळच्या चहासारखी रोज घेणारे इतके लोक मी पाहतो की हे ठळकपणे सांगणे आवश्यक वाटते. येथे एक धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिले तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून आधी तपासणी, मग इंजेक्शन किंवा गोळी, हा क्रम उलटा करू नये. इंजेक्शन घेतल्यानंतर केलेल्या तपासणीतून मूळ कमतरता कळत नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यातच लिहितो. एवढे ऊन असणाऱ्या शहरात ते कमी कसे, असा प्रश्न अनेक जण विचारतात. पण लोकल आणि ऑफिस यांत दिवस काढणाऱ्या माणसाच्या कातडीला दुपारचे ऊन लागतच नाही. कमतरता मोठी असेल तर स्नायूंचा अशक्तपणा आणि अंगदुखी होते आणि उपचाराने ती कमी होते. मात्र ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, तेही ठरावीक काळापुरते. ते रोज घेतल्यास किंवा डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि त्याच्या लक्षणांत मळमळ व बद्धकोष्ठतेबरोबर थकवाही असतो.

मॅग्नेशियम, कोएन्झाइम क्यू-१० आणि तत्सम महागड्या डब्यांबद्दल, कमतरता नसलेल्या माणसाचा थकवा त्यांनी जातो असे म्हणण्याइतका भक्कम आधार मला दिसत नाही. बी-कॉम्प्लेक्सने लघवी गडद पिवळी होते, ती त्यातील रायबोफ्लेविनमुळे. तो गोळी लागू पडल्याचा पुरावा नव्हे. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तर मज्जातंतूंनाच इजा होते. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त द्यायला जाण्यापूर्वी ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

लोह कमी निघाले तर ते का कमी झाले, हेही शोधावे लागते. स्त्रियांमध्ये पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव हे कारण वारंवार आढळते, आणि तो “असतोच सगळ्यांना” म्हणून अंगावर काढला जातो. पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी असेल तर मूळव्याध, अल्सर किंवा आतड्यातील कर्करोगातून रक्त जात नाही ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी; अशा वेळी दुकानातून परस्पर लोहाची गोळी नेणे म्हणजे खऱ्या आजाराला मुदत देणे होय.

रक्त, साखर, थायरॉइड, बी-१२ सगळे ठीक आले आणि तरीही पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. त्यावर माझ्या फळीवरची कोणतीही ताकदीची गोळी उपयोगाची नाही. त्यासाठी फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि तिथवर जाण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.