कॉपी-पेस्ट होणारच आहे हे धरून उदाहरणं लिहिणं

गणिताच्या सॉफ्टवेअरबरोबर जी तयार उदाहरणं येतात ना, ती लिहायचं काम सध्या माझ्याकडे आहे, आणि त्यात एक गोष्ट लगेच कळते की वर मेहनतीने लिहिलेली प्रस्तावना कोणीही वाचत नाही. युजर सर्च करून येतो, खाली स्क्रोल करत जातो, पहिला प्लॉट दिसला की थांबतो, त्याच्या वरचा कोड उचलतो, आपल्या फाइलमध्ये टाकतो आणि लगेच त्यातला एक आकडा बदलतो. बास. त्यामुळे उदाहरण जमलंय की नाही हे मी आता एवढ्यावरूनच ठरवतो, की तो आकडा बदलल्यावर काय होतं.

विषय निवडण्यातच बराच वेळ जातो. लॉरेन्झचं फुलपाखरू (हवामानाच्या समीकरणांतून निघणारी ती फुलपाखराच्या आकाराची आकृती) सगळ्यांकडे आहे, सिग्मा १०, ऱ्हो २८, बीटा ८/३, १९६३ पासून तेच आकडे, दिसायला एकदम भारी, पण ते बघून स्वतःचं अडलेलं काम पुढे नेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. फिशरचा १९३६ चा आयरिस फुलांचा डेटा, तेच. दुसऱ्या टोकाला एक्स स्क्वेअर वजा दोन बरोबर शून्य सोडवून दाखवणारे, त्यातून सिंटॅक्स कळतो हे खरं, पण त्यासाठी हेल्प पेज आहे की. मला मधलं काहीतरी हवं असतं, सूत्र खऱ्या कामातलं, दहा-पंधरा ओळींत मावणारं, आणि कागदावर सरळ सुटत नाही म्हणून सॉफ्टवेअर उघडावंच लागतं असं.

सध्या हातात आहे ते कोलब्रुकचं समीकरण. पाइपमधून पाणी, तेल काहीही वाहताना घर्षणामुळे दाब किती पडतो हे काढायला घर्षण गुणांक एफ लागतो आणि १९३९ च्या या समीकरणात एफ दोन्हीकडे आहे, एकदा वर्गमुळाखाली आणि एकदा लॉगच्या आत, त्यामुळे तो बाजूला काढून साधं सूत्र लिहिता येत नाही. म्हणूनच तर १९४४ साली मूडीने चार्ट काढला आणि इंजिनिअर लोक वर्षानुवर्षं त्यावर पट्टी ठेवून आकडे वाचत बसले. समीकरणाची मुळं, म्हणजे त्याची उत्तरं, शोधायचं फंक्शन दाखवायला यापेक्षा चांगलं काय मिळणार.

आता इथे खरी मजा आहे. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ आहे की खळबळता हे सांगणारा आकडा) १ लाख आणि पाइपचा सापेक्ष खडबडीतपणा ०.००१ घेतला तर एफ साधारण ०.०२२२ येतो. पण न्यूटनच्या पद्धतीला (एका अंदाजावरून पावला-पावलाने उत्तराकडे जाणारी) सुरुवातीचा अंदाज म्हणून ०.५ दिला (आणि कोणीतरी देणारच, शून्य ते एकच्या मधला म्हणून) तर पहिल्याच पावलात एफ जातो उणे ३.२ वर, मग ऋण संख्येचं वर्गमूळ, मग एका सॉफ्टवेअरमध्ये काल्पनिक संख्या, दुसऱ्यात नुसतं नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही', आणि युजर म्हणतो तुमचं सॉफ्टवेअरच बेकार आहे. याला उपाय म्हणून अंदाज ०.०२ द्या असं कमेंटमध्ये लिहिण्यात काही अर्थ नाही, कमेंट आधी डिलीट होते. उपाय असा की एफसाठी सोडवायचंच नाही, एक भागिले एफचं वर्गमूळ याला एक्स म्हणायचं आणि एक्ससाठी सोडवायचं, मग तेच समीकरण या भागात जवळजवळ सरळ रेषा होतं आणि एफच्या त्याच ०.५ पासून निघालात तरी पहिल्या पावलात एफ ०.०२२६ वर येतो. ही दोन पावलं शेजारी-शेजारी दाखवायची असं मी ठरवलंय, कारण समीकरण सोडवण्याआधी त्याचं रूप बदलून बघावं हे कुठल्याही हेल्प पेजवर पटकन सापडत नाही.

मग लॉगचा घोळ. सूत्रात लॉग आहे तो १० पायाचा, आणि मॅटलॅब, मेपल, मॅथेमॅटिका, पायथनचं नंपाय सगळीकडे नुसतं लॉग लिहिलं की नैसर्गिक लॉग मिळतो. तसं लिहिलं तर वरच्याच आकड्यांना उत्तर येतं ०.००४६. आणि वाईट म्हणजे ते चुकीचं वाटतच नाही, कारण घर्षण गुणांक लिहायच्या दोन प्रथा आहेत, डार्सीचा गुणांक (आपला एफ तोच) आणि फॅनिंगचा गुणांक, आणि त्यांत चारपटीचा फरक असतो, फॅनिंगचा इथे ०.००५५ येतो, म्हणजे पुस्तकात बघून खात्री करणारा माणूस म्हणेल की अच्छा हा फॅनिंगचा दिसतोय, थोडा इकडेतिकडे, चालायचंच. म्हणून उत्तराच्या व्हेरिएबलचं नावच डार्सी_एफ ठेवलंय. नाव लांब आहे, टाइप करायला कंटाळा येतो, राहू दे.

आणि तिसरं, आकडा बदलणारा माणूस रेनॉल्ड्स नंबर ५०० टाकणार. समीकरण काही तक्रार करत नाही, गपगुमान ०.०८ च्या आसपास उत्तर देतं, पण तिथे प्रवाह संथ असतो, खळबळत्या प्रवाहासाठीचं कोलब्रुक लागूच होत नाही, संथ प्रवाहात एफ म्हणजे ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर, म्हणून ६४ भागिले ५०० म्हणजे ०.१२८ हे खरं उत्तर. माझ्या मते उदाहरणात हे एका ओळीच्या तपासणीने अडवायला हवं आणि स्पष्ट मेसेज द्यायला हवा. आमच्याकडे यावर वाद झाला, एकाचं म्हणणं उदाहरण छोटं ठेवा, तपासण्या बघून लोक घाबरतात. मला ते पटत नाही. जो कोड उद्या कोणाच्या तरी पंपाच्या हिशोबात जाऊन बसणार आहे त्यात दोन ओळी जास्त झाल्या तर कोणी घाबरत नाही.

स्लायडरचंही असंच. रेनॉल्ड्स नंबरचा स्लायडर ४ हजार ते १० कोटी असा साधा ठेवला तर जे बघण्यासारखं आहे ते सगळं डाव्या टोकाच्या पहिल्या काही पिक्सेलमध्ये कोंबलं जातं आणि उरलेल्या लांबीत प्लॉट ढिम्म हलत नाही. स्लायडर लॉगवर चालवायचा आणि शेजारी खरा आकडा दाखवायचा, एवढंच, पण हे न केलेली उदाहरणं मी इतकी बघितलीत की काय सांगू.

डिफॉल्ट सेटिंगवर वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात सांगतो. विकलक समीकरणं सोडवणारं मॅटलॅबचं ओडीई४५ असो की पायथनच्याच सायपायचं सॉल्व्ह_आयव्हीपी, सापेक्ष चुकीची मर्यादा मुळात हजारात एक असते. घर्षण नसलेला लंबक घेऊन कोन काढला तर प्लॉट मस्त दिसतो, पण त्याच्याच खाली एकूण ऊर्जा काढून बघा, बराच वेळ चालवलं की ती हळूहळू सरकताना दिसते, जी सरळ आडवी रेष असायला हवी. लंबकाच्या उदाहरणात मी आता ऊर्जेचा प्लॉट आधी ठेवतो आणि कोनाचा नंतर. लोकांना वाटतं क्रम चुकलाय.

जुनी झालेली उदाहरणं हे एक वेगळंच दुखणं. नंपायच्या २.० मध्ये ट्रॅप्झ (वक्राखालचं क्षेत्रफळ काढणारं फंक्शन) याच्या जागी ट्रॅपेझॉइड आलं, सायपायमधून इंटर्प२डी हे फंक्शन १.१४ ला काढूनच टाकलं, आणि ती वापरणारी पानं अजून सर्चमध्ये वर येतात. सेजमॅथ या गणिती सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत मला आवडते, तिथे फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं हीच टेस्ट असतात, आउटपुट जुळलं नाही की लगेच कळतं. आम्हीही आता प्रत्येक रिलीजच्या आधी सगळी उदाहरणं चालवतो, फक्त शेवटचे दशांश मशीनप्रमाणे बदलतात म्हणून तुलना ठरावीक अंकांपर्यंतच, नाहीतर रोज खोटा अलार्म.

हां, आणि शीर्षक. 'मुळं शोधण्याच्या फंक्शनचा वापर' असं शीर्षक दिलं तर ते शोधणार कोण? ज्याला त्या फंक्शनचं नाव आधीच माहितीये तोच. बाकीचे 'पाइपमधला दाब किती पडेल' असं टाइप करतात, म्हणून शीर्षकात तेच, फंक्शनचं नाव आत कुठेतरी.

कोलब्रुक या रिलीजमध्ये जातंय. पुढचं सेन्सरच्या डेटाचं घेतलंय, मुद्दाम मध्ये गॅप असलेला, वेळेचे शिक्के पुढेमागे झालेला, कारण इंटरपोलेशनची (दोन बिंदूंच्या मधल्या किमती काढण्याची) जी उदाहरणं आहेत त्या सगळ्यांत बिंदू समान अंतरावर मांडलेले असतात आणि प्रत्यक्षात तसा डेटा कोणी पाठवत नाही. तुमच्याकडे असा घाणेरडा पण शेअर करता येण्यासारखा डेटा असेल तर कळवा.