बॅकअप होता, पण टॅबमध्येच

आमची कंपनी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची देखभाल करते. तंत्रज्ञांकडे कंपनीचे वायफायवाले अँड्रॉइड टॅब असतात. त्यांत काय चालावं आणि काय नाही हे एमडीएममधून, म्हणजे सगळे टॅब दुरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बघायचं काम माझं. एरवी ते म्हणजे पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घेणं.

या टॅबमधली खरी संपत्ती म्हणजे नोट्सचं ॲप. कुठल्या प्री-कूलिंग खोलीचा कॉम्प्रेसर दुपारी ट्रिप होतो, कुठल्या पॅकहाउसचा मालक परस्पर स्विच बंद करतो, हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ॲप रोज रात्री आपोआप बॅकअप घेतं, पण त्याच टॅबमध्ये, स्वतःच्याच फोल्डरात. ती जागा आमच्या सुरक्षा विभागाने पॉलिसीतून लॉक केलेली. डॉक्युमेंट्स फोल्डर नाही, एसडी कार्ड नाही, यूएसबीने कॉपी नाही. गूगलचा बॅकअप अशा कंपनीच्या टॅबवर मुळातच बंद असतो. ॲडमिनने मुद्दाम चालू केला तरी एका ॲपला 25 एमबी मिळतात, आणि आमच्याकडे तेवढे तर गेजचे फोटोच होतात.

ऐन हंगामात एमडीएमचं कन्सोल सांभाळणाऱ्या एजन्सीने निफाड-दिंडोरीचे टॅब नव्या ग्रुपमध्ये हलवले. त्या ग्रुपच्या मंजूर यादीत नोट्सचं ॲप नव्हतं, म्हणून एमडीएमने ते इमानेइतबारे काढून टाकलं. अँड्रॉइडवर ॲप गेलं की त्याचं फोल्डरही जातं, बॅकअपसकट. एजन्सीच्या पोराने यादी दुरुस्त केली, ॲप परत पाठवलं आणि तिकीट बंद करून टाकलं. ॲप आलं, पण कोरं.

मी कन्सोलमधला 'शेवटचा संपर्क' हा रकाना बघत बसलो. दिंडोरीकडच्या एका काकांचा टॅब आदल्या संध्याकाळपासून नेटवर नव्हता. त्यांच्यासाठी रांगेत दोन हुकूम उभे होते, आधी ॲप काढा, मग टाका. रांग रिकामी करता येत नाही, असं एजन्सीने सांगितलं. मी काकांना फोन लावला, "काका, टॅबला हॉटस्पॉट देऊ नका. काही झालं तरी."

आता नोट्स बाहेर काढायच्या कशा? अँड्रॉइड 11 पासून ॲपचं ते फोल्डर साध्या फाइल मॅनेजरला उघडता येत नाही. उघडलं असतं तरी नुसती डेटाबेसची फाइल उचलून भागलं नसतं. ताज्या नोंदी आधी शेजारच्या 'वॉल' (WAL) फाइलीत जातात. ती मागे राहिली की नेमका शेवटचा आठवडा मागे राहतो. रात्रीचा आपोआप बॅकअपही शिळाच होता, कारण तो टॅब चार्जिंगला असतानाच चालतो आणि काका रात्री टॅब बंद करून गाडीत ठेवतात. बॅकअपची अशी अट घालणाऱ्याने फील्डवरचा माणूस कधी पाहिलेला नसावा. शेवटी त्यांना ॲपमधलं 'आत्ता बॅकअप घ्या' दाबायला लावलं. शेअरच्या सगळ्या वाटा बंद होत्या, उघडं होतं फक्त ब्लूटूथ. पॉलिसीत ते कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

झिप फाइल काकांच्या स्वतःच्या फोनवर सरकू लागली. तेवढ्यात ते सहज म्हणाले, "अहो साहेब, हे आम्ही नेहमीच करतो की. कंपनीच्या टॅबचा काय भरवसा!"

नंतर फोन करत गेलो, तर बऱ्याच जणांच्या खासगी फोनवर नोट्सच्या प्रती निघाल्या. कुणाची आठवड्यापूर्वीची, कुणाची दिवाळीतली. ज्यांनी नियम तंतोतंत पाळले, त्यांच्या नोट्स मात्र गेल्या.

माझा अहवाल वाचून सुरक्षा विभागाचा पहिला प्रश्न, "डेटा खासगी फोनवर गेलाच कसा?" प्रश्न चुकीचा नाही. त्या नोट्समध्ये ग्राहकांच्या कंट्रोल पॅनलचे पासवर्डही असतात. पण काय गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. ब्लूटूथ शेअरिंग ताबडतोब बंद करा, असा आदेश आला. मी उलट लिहिलं, ब्लूटूथ बंद होईल त्याच दिवशी बॅकअप एन्क्रिप्ट होऊन कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ द्या, निदान ॲपबाहेरच्या फोल्डरात तरी. त्यावर 'विचाराधीन' असं उत्तर आलंय. ब्लूटूथचा आदेश मी अजून लागू केलेला नाही, आणि रोज एक स्मरणपत्र येतंय.